धूर कोणत्या बाजूला? जुन्या ट्रकची एक्झॉस्ट नळी आणि दिल्लीच्या हवेचा इतिहास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• ट्रकची एक्झॉस्ट नळी कोठून न्यायची हा प्रश्न केवळ तांत्रिक का नाही, हे सांगता येईल;
• मोटार वाहन नियमांतील एखादे कलम ऐतिहासिक साधन म्हणून कसे वाचावे, हे स्पष्ट करता येईल;
• दिल्लीतील डिझेलच्या धुराबाबतच्या निर्णयांचे टप्पे क्रमाने मांडता येतील;
• प्रत्येक टप्प्यावर धुराचा भार कोणावरून कोणावर सरकला, याची चिकित्सा करता येईल.

१. प्रस्तावना

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात द्वारका ही उपनगरी आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने ती आखली तेव्हा या योजनेला पप्पनकलां असे नाव होते. आज येथे सेक्टरनिहाय सोसायट्या आहेत, नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, २००५ च्या अखेरीस आलेली मेट्रो आहे आणि हवेची प्रत मोजणारी केंद्रेही आहेत. विमानतळ शेजारी आहे. जयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग थोड्या अंतरावर आहे. दिवसा शहरात अवजड मालट्रकांना बहुतेक रस्त्यांवर बंदी असते. त्यामुळे त्यांची खरी रहदारी रात्री सुरू होते.

अशा रात्री एखाद्या सिग्नलला तुमच्या पुढे जुना ट्रक उभा आहे अशी कल्पना करा. दिवा हिरवा होतो, चालक पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबतो आणि काळा लोट बाहेर येतो. तो लोट नेमका कोठून बाहेर आला? ट्रकच्या मागून, उजव्या कुशीतून, की केबिनच्या वरून? आणि तो कोणाच्या तोंडावर गेला?

आपल्याकडे बोलताना या संपूर्ण नळीलाच लोक ‘सायलेन्सर’ म्हणतात. प्रत्यक्षात सायलेन्सर हा तिचा एक भाग आहे. इंजिनातील जळलेला वायू मॅनिफोल्डमध्ये गोळा होतो, तेथून नळीने सायलेन्सरच्या डब्यात येतो, तेथे आवाज मंदावतो आणि शेवटच्या तुकड्यातून तो हवेत सुटतो. या शेवटच्या तुकड्याचे तोंड कोठे असावे, हा या घटकाचा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण त्याच्या मागे गेलो की गेल्या शंभर वर्षांत आपण धुराबद्दल कसा विचार करत आलो, हे दिसू लागते.

२. धुराड्याचा वारसा

ट्रक येण्यापूर्वी भारतीय शहरांतला मोठा धूर कारखान्यांचा होता. बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. ‘उपद्रव’ हा शब्द लक्षात ठेवा. धूर हा रोगाचे कारण म्हणून नव्हे, तर त्रास म्हणून पाहिला जात होता. डोळ्यांना दिसणारा, कपडे काळे करणारा, भिंती माखणारा धूर हा त्या काळचा आक्षेपाचा विषय होता.

त्रासावरचा उपाय दोन प्रकारचा असतो. एक, त्रास कमी निर्माण करायचा. दोन, तो आपल्यापासून लांब न्यायचा. गिरणीचे उंच धुराडे हे दुसऱ्या उपायाचे सर्वांत ठळक उदाहरण. धुराडे धूर नाहीसा करत नाही. तो वर नेऊन पातळ करते आणि वाऱ्यावर सोपवते. जवळच्या चाळीला थोडा दिलासा मिळतो, दूरच्या वस्तीला वाटा मिळतो.

ट्रकची नळी म्हणजे चालते धुराडे. मात्र ते उंच नाही, आणि ते माणसांच्या मधून जाते. म्हणून येथे ‘वर की खाली’ एवढाच प्रश्न उरत नाही. ‘डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे’ हेही ठरवावे लागते.

३. जुना ट्रक आणि नळीच्या वाटा

स्वातंत्र्यानंतर ट्रक देशात बनू लागले. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली होती आणि तिने क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या व ट्रक बाहेर काढले. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. मद्रासजवळच्या एन्नोरला अशोक मोटर्सची १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. रस्त्यावरचा भारतीय ट्रक घडला तो मुख्यतः या कारखान्यांत.

पण कारखान्यातून बाहेर पडत असे ती बहुधा नुसती चासी. इंजिन, चाके, सुकाणू आणि चालकाला बसण्यापुरती सोय. केबिन आणि मालाचा हौदा नंतर बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडे लाकडात आणि पत्र्यात तयार होई. पंजाबातील सरहिंद आणि तमिळनाडूतील नामक्कल ही अशा कामासाठी नावाजलेली गावे. म्हणजे एका ट्रकचे दोन निर्माते असत. नळी बसवली कारखान्याने, आणि तिच्याभोवती लाकूड उभे केले दुसऱ्याने. पुढे नळी गंजली, तुटली, हौदा बदलला की तिसरा माणूस, म्हणजे गॅरेजचा वेल्डर, तिची वाट ठरवत असे.

या माणसापुढे चार वाटा असत. त्या एकेक करून पाहू.

(अ) मागे. नळी चासीच्या लांबीभर नेऊन शेवटी सोडायची. केबिन आणि धूर यांत सर्वाधिक अंतर राहते. पण नळी लांब होते, मागच्या आसाला वळसा द्यावा लागतो, आणि प्रत्येक वळण वायूला अडवते. अडथळा वाढला की इंजिनाला वायू बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो. ताकद घटते, डिझेल जास्त लागते. शिवाय लांब नळीत वायू थंड होतो, पाणी साचते आणि पत्रा आतून गंजतो.

(आ) बाजूला. सायलेन्सरनंतर लगेच नळी वळवून चासीच्या बाहेर काढायची. नळी आखूड, स्वस्त, बदलायला सोपी. पण तोंड माणसांच्या जवळ येते.

(इ) खाली. सर्वांत सोपे, पण वायूचा झोत रस्त्यावर आदळतो. कच्च्या कडेवर किंवा बाजाराच्या चौकात त्याच्याबरोबर धूळही उडते.

(ई) वर. केबिनच्या मागून उभी नळी. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या ट्रकांवर ती सर्रास दिसते. तेथील संघीय नियम ट्रकचा धूर केबिनच्या मागे, आणि नळी केबिनपेक्षा उंच असेल तर केबिनच्या मागच्या भागाजवळ सोडायला सांगतात. आपल्याकडे कडबा, कापूस, गवताच्या पेंढ्या हौद्याच्या बाहेर फुगवून भरलेले ट्रक डोळ्यांसमोर आणा. तापलेली उभी नळी आणि ताडपत्री शेजारी आल्यावर काय होईल, हे सांगायला नको.

प्रत्येक वाटेत काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. इंजिन रबरी आधारांवर हलते आणि नळी चासीला टांगलेली असते. म्हणून मध्ये लवचिक तुकडा लागतो, नाहीतर जोड तडकतो. ब्रेकच्या नळ्या, विजेच्या तारा आणि डिझेलची टाकी यांपासून अंतर ठेवावे लागते. जोड तडकला तर धूर केबिनमध्ये शिरतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असतो. त्याच केबिनमध्ये चालक आणि क्लीनर झोपतातही.

४. नियम ११२ : एका वाक्यातला समाज

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनांच्या रचनेचे नियम करण्याचा अधिकार मुख्यतः प्रांतांकडे, पुढे राज्यांकडे होता. १९८८ च्या कायद्याने तो केंद्राकडे आणला. हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आले. त्यांतील तीन लहान नियम आपल्या विषयाचे मूळ साधन आहेत.

नियम ११२ सांगतो की वायू खालच्या दिशेने किंवा वाहनाच्या डाव्या बाजूला सोडू नये. तो मागे किंवा उजव्या बाजूला जावा. स्फोटक व ज्वलनशील माल वाहणाऱ्या टँकरसाठी स्फोटक विभागाच्या मुख्य नियंत्रकाने ठरवलेली रचना लागते. नियम ११३ सांगतो की नळी इंधनवाहिनीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असू नये. नियम ११४ प्रवासी वाहनांबद्दल आहे. नळीवर ज्वालाग्राही पदार्थ पडणार नाही अशी ती झाकलेली असावी, तिचे तोंड मागे असावे आणि धूर गाडीत शिरू नये.

आता नियम ११२ इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचा. ‘डावीकडे नको’ असे का? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवतो. डावीकडे पदपथ असतो, बसथांबा असतो, हातगाडी असते, शाळेतून परतणारी मुले असतात. म्हणजे नियमाने एक माणूस गृहीत धरला आहे : रस्त्याच्या कडेने चालणारा. त्याला वाचवायचे, हा या वाक्याचा हेतू दिसतो. ‘खाली नको’ यातही तोच माणूस दिसतो, कारण धूळ त्याच्याच अंगावर उडते.

मग उजवीकडे कोण असते? येथे जरा थांबा आणि स्वतः विचार करा.

उजवीकडे, ट्रकला ओलांडून जाणारा दुचाकीस्वार असतो. बाजूच्या ओळीत उघडी रिक्षा असते. दुहेरी रस्त्यावर समोरून येणारे वाहन असते. आणि सर्वांत जवळ ट्रकचा चालक असतो, कारण आपल्याकडे त्याची जागा उजवीकडे आहे. नळीचे तोंड केबिनच्या लगेच मागे उजव्या कुशीत असेल, तर सिग्नलला थांबल्यावर धुराचा वाटा त्याच्या उघड्या खिडकीतून आत येतो. पादचाऱ्यावरचा भार नियमाने हलका केला. तो नाहीसा केला नाही. त्यातला काही भाग चालकावर आणि दुचाकीस्वारावर गेला.

यावरून नियम चुकीचा होता असा निष्कर्ष काढू नका. दिलेल्या मर्यादेत तो समंजस आहे. रस्त्यावरच्या सर्वांत असुरक्षित माणसाला त्याने आधी पाहिले. मुद्दा एवढाच की दिशा ठरवणारा कोणताही नियम नकळत माणसांचा क्रमही ठरवतो.

५. दिशेकडून घटकांकडे

दिशेच्या नियमाला एक अंगभूत मर्यादा आहे. गाड्या थोड्या असतील तर धूर उजवीकडे सोडला की तो विरून जातो. गाड्या अगणित झाल्या की उजवीकडचा धूर, डावीकडचा धूर आणि मागचा धूर एकाच हवेत मिसळतो. दिल्लीत नेमके हेच झाले.

एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेबाबतची याचिका १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केली. डिझेल वाहनांच्या उत्सर्जनाचे पहिले राष्ट्रीय निकष १९९२ मध्ये आले. १९९६ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने ‘स्लो मर्डर’ हा अहवाल प्रसिद्ध केला आणि वाहनांचा धूर हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. १९९८ च्या जानेवारीत पर्यावरण प्रदूषण (प्रतिबंध व नियंत्रण) प्राधिकरण नेमले गेले. २८ जुलै १९९८ च्या आदेशाने न्यायालयाने पंधरा वर्षांहून जुनी व्यापारी वाहने रस्त्यावरून हटवायला आणि ३१ मार्च २००१ पर्यंत सगळ्या शहरी बस सीएनजीवर आणायला सांगितले. मुदत टळली, वाद झाले, सीएनजी पंपांपुढे रांगा लागल्या. तरी पुढच्या काही वर्षांत दिल्लीच्या सार्वजनिक बसचा ताफा डिझेलमुक्त झाला.

येथे प्रश्नाचे स्वरूप बदलले. आधी विचारत होतो, धूर कोठे सोडायचा? आता विचारू लागलो, त्यात काय आहे? डिझेलमधल्या गंधकाचे आकडे पाहा. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते दहा लाख भागांत दहा हजारांपर्यंत असे. भारत स्टेज दोनमध्ये ते ५०० वर आले, तीनमध्ये ३५०, चारमध्ये ५० आणि सहामध्ये १०. भारत स्टेज सहाचे इंधन दिल्लीत १ एप्रिल २०१८ पासून मिळू लागले. देशभर निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. दरम्यान जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. १९१२ चा ‘उपद्रव’ बरोबर शंभर वर्षांनी रोगाचे कारण ठरला.

गंधक कमी झाल्यामुळेच नळीत नवी उपकरणे बसवता आली. भारत स्टेज सहाच्या ट्रकमध्ये काजळीचे कण अडवणारी गाळणी असते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मोडण्यासाठी युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा असते. या उपकरणांना ठरावीक तापमान लागते, ठरावीक क्रम लागतो आणि त्यांवर संवेदक नजर ठेवतात. पुण्याची एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. नव्या ट्रकची नळी वेल्डरने आपल्या मनाने वळवण्याचे दिवस येथे संपले.

६. जुन्या ट्रकचे काय?

उत्सर्जनाचे निकष वाहन कधी बनले यावर लागू होतात. २००३ मध्ये बनलेल्या ट्रकला २०२० चा निकष लावता येत नाही. त्याला लागू पडते ती धुराच्या दाटपणाची चाचणी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटकन दाबतात आणि बाहेर आलेल्या धुरातून किती प्रकाश आरपार जातो, हे मोजतात. जुन्या डिझेल वाहनांसाठी याची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे. ही चाचणी बऱ्याच अंशी डोळ्यांची चाचणी आहे. जो धूर दिसत नाही, तो तिच्यातून निसटू शकतो.

यातून एक मोह निर्माण होतो. नळीचे तोंड बदलावे, लांबी वाढवावी, धूर नजरेआड करावा. म्हणून हे स्पष्ट समजून घ्या : नळी वळवल्याने धुरातला एकही कण कमी होत नाही. कण कमी होतात ते इंजेक्टर आणि पंप नीट जुळवल्याने, हवेची गाळणी साफ ठेवल्याने आणि जादा माल न भरल्याने. नळी योग्य जागी असणे गरजेचे आहे, ते चालकाच्या जिवासाठी आणि आग टाळण्यासाठी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या रचनेपासून नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार करू देत नाही. तेव्हा मूळ वाटच शक्य तितकी राखणे हेच मालकाच्या हिताचे असते.

जुन्या ट्रकचा मालक अनेकदा एकाच गाडीचा धनी असतो. गाडी हेच त्याचे भांडवल, आणि पुष्कळदा तीच कर्जाचे कारण. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हा या मालकापुढे नळीची वाट निवडण्याचा प्रश्नच उरला नाही. ट्रक दुसऱ्या राज्यात विकायचा की भंगारात द्यायचा, एवढेच उरले. दुसऱ्या राज्यात विकलेला ट्रक तोच धूर दुसऱ्या गावात सोडतो.

७. नळीऐवजी रस्ता वळवणे

२०१५ मध्ये न्यायालयाने आणखी एक पाऊल उचलले. ९ ऑक्टोबरच्या आदेशाने दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहनांवर पर्यावरण भरपाई शुल्क बसले : हलक्या व दोन आसांच्या वाहनांना ७०० रुपये, तीन व अधिक आसांच्या ट्रकना १३०० रुपये. डिसेंबरमध्ये ते दुप्पट झाले. २००५ किंवा त्यापूर्वी नोंदलेल्या व्यापारी वाहनांना प्रवेश बंद झाला. दिल्लीत माल उतरवायचा नसलेल्या ट्रकनी जुन्या राष्ट्रीय महामार्ग ८ आणि १ ने शहरात शिरू नये, असेही ठरले. यांतला महामार्ग ८ द्वारकेजवळून जातो.

२०१८ मध्ये कुंडली ते पलवल असे पूर्वेचे आणि पश्चिमेचे परिघी द्रुतगती मार्ग पूर्ण झाले. प्रत्येकाची लांबी सुमारे १३५ किलोमीटर. दिल्लीशी काम नसलेला ट्रक आता बाहेरून जाऊ शकतो. द्वारकेच्या रहिवाशासाठी हा खरा लाभ आहे. त्याच वेळी मानेसर, पलवल, बागपत या बाजूंच्या, मार्गालगतच्या गावांतून आता ते ट्रक जातात. पुढे द्वारका द्रुतगती मार्गाचा हरियाणातील भाग मार्च २०२४ मध्ये आणि दिल्लीतील भाग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला, आणि रहदारीची वाटणी पुन्हा बदलली.

म्हणजे नळीचे तोंड डावीकडून उजवीकडे नेण्याचा जो विचार १९८९ च्या नियमात होता, तोच शहराच्या पातळीवर पुन्हा आला. येथे संपूर्ण ट्रकच वळवला गेला.

८. समारोप

आपण तीन टप्पे पाहिले. पहिल्यात धुराची दिशा ठरली, दुसऱ्यात धुरातले घटक मोजले गेले, तिसऱ्यात ट्रकचा मार्ग बदलला. पहिला आणि तिसरा टप्पा भाराची जागा बदलतात. भार खरोखर घटतो तो दुसऱ्याने. तरी पहिल्या आणि तिसऱ्याला कमी लेखू नका. इंधन आणि इंजिन सुधारायला दशके लागली, आणि त्या दशकांत माणसे श्वास घेतच होती. त्यांच्यापैकी कोणाला आधी वाचवायचे, हा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागला. तो कधी नियमाच्या एका ओळीत घेतला गेला, कधी न्यायालयात, आणि कधी गॅरेजमध्ये जमिनीवर उताणे पडून वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडून.

पुढच्या वेळी सिग्नलला ट्रकच्या मागे थांबाल तेव्हा नळीचे तोंड कोठे आहे ते पाहा. आणि तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहात, तेही पाहा.

स्वाध्याय

१. नियम ११२ मध्ये डावी बाजू वगळण्यामागचे कारण सांगा. ज्या देशांत वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात तेथे हाच विचार कसा लागू होईल?
२. ‘धुराचा उपद्रव’ ते ‘कर्करोगाचे कारण’ हा बदल कायद्यांच्या आधारे स्पष्ट करा.
३. दिल्लीतील १९९८ आणि २०१५ च्या आदेशांची तुलना करा. कोणता आदेश धूर घटवतो आणि कोणता तो हलवतो? तुमचे मत कारणांसह लिहा.
४. प्रकल्प : तुमच्या गावातील एका गॅरेजला भेट द्या. जुन्या ट्रकची नळी बदलताना कारागीर कोणत्या गोष्टी पाहतो, हे त्याच्याच शब्दांत नोंदवा. त्यातील किती गोष्टी नियमांत सापडतात आणि किती केवळ अनुभवातून आल्या आहेत, ते वेगळे करून दाखवा.